म्हण खोटी पाडून गेलेल्या दादास

दादा,

अर्धा वाद टाकून उठून जाणं तुझ्या स्वभावात कधीच नव्हतं. भर उन्हात गॅरेजसमोर उभा राहून तू माणसांशी भांडायचास, समोरचा थकून घराकडे निघायचा आणि तू त्याच्या मागे मागे चौकापर्यंत जायचास, शेवटचं वाक्य आपलंच पाहिजे म्हणून. आणि माझ्याशी चाललेला वाद, तोही आपल्या दोघांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला, तसाच सोडून निघून गेलास. मला हे मुळीच पटलेलं नाही. काल अकोल्याला तुझा जलदान विधी झाला, श्रद्धांजलीची सभा झाली, आणि संध्याकाळच्या बसने मी अमरावतीला परतले. बॅग अजून तशीच कोपऱ्यात पडली आहे. आधी तुझ्याशी बोलून घेते, मग कपडे आवरीन. मधेच माझं वाक्य तोडायला आज तू नाहीस, तेवढा फायदा घेऊ दे.

वाद तसा साधाच होता. माणूस म्हातारपणी बदलतो की नाही? तू म्हणायचास बदलतो, मी म्हणायचे हट्. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं मी. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण पोरांकडून फळ्यासमोर उभं करून घोटून घेतली. आणि ही म्हण शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर कायम तूच असायचास, हे मी तुला तोंडावर सांगितलेलंही होतं. तू हसला होतास. नाव शांता आणि जिभेला हाड नाही, असं वर मलाच ऐकवलं होतंस.

पण खोडीचं नंतर. आधी जे चांगलं ते सांगते, नाहीतर तू म्हणशील बहीण वैरीण निघाली.

बार्शीटाकळीला आपण लहान होतो तेव्हा बाबा दर पौर्णिमेला आपल्याला पांढरे कपडे घालून विहारात न्यायचे. मी पुढे मांडी घालून मोठ्या आवाजात वंदना म्हणायची, बाबांनी पाहावं म्हणून. तू मागच्या भिंतीला टेकून चक्क झोपायचास. एकदा मधेच भोंगा बंद पडला. सगळे एकमेकांकडे बघताहेत, आणि तू डोळे चोळत उठलास, कुणाच्या तरी साडीची पिन मागून घेतलीस, खुडबुड केलीस आणि भोंगा पुन्हा सुरू. बाबा म्हणाले, चला, याले आनल्याचा आज काईतरी उपयोग झाला. तू परत जाऊन झोपलास.

तेव्हा तुझ्या अंगात नुसता जोर होता. कबड्डीत तुला धरायला चौघं लागायचे. विहिरीत उडी कोण मारतो, पोतं कोण उचलतो, भांडणात पहिला हात कोण टाकतो, सगळीकडे तू. आई काळजीने अर्धी झाली होती आणि मी शेजारच्या पोरींसमोर मिरवायची, माझा दादा म्हणून. मग बाबांनी तुला अकोल्याला एका डिझेल मिस्त्रीच्या हाताखाली ठेवलं आणि सगळा जोर हातांच्या बोटांत उतरला. काही वर्षांनी पातूर रोडवर तुझं स्वतःचं पत्र्याचं शेड उभं राहिलं. बाहेर ट्रक रांगेने उभे, आत तू गाडीखाली उताणा पडलेला, बाहेर फक्त पाय.

मी तेव्हा तुला छेडायची, की तू विहारात का येत नाहीस, धम्माचं काही आहे की नाही तुला. तू म्हणायचास, मले तिथं काई भेटत नाई, बंद इंजिन चालू झालं का मले भेटते. काय भेटते, असं विचारलं की सांगता यायचं नाही. पण मी पाहिलंय ना. इंजिन धडधडायला लागलं की तू दोन पावलं मागे सरायचास, हात पुसायचास आणि काही न बोलता नुसता उभा राहायचास. गाडीमालक पैसे काढतोय, आभार मानतोय, तुला पत्ताच नाही. पुढे मी एक-दोन ध्यान शिबिरं केली. तिथे कोणाच्याही चेहऱ्यावर मला तसं दिसलं नाही, माझ्या तर नाहीच, माझं सगळं ध्यान जेवणाच्या घंटीकडे.

आणि ती परीक्षा आठवते? डी.एड.चा शेवटचा पेपर अमरावतीला, मी सकाळी अकोल्याच्या स्टँडवर, आणि बस आलीच नाही. मी रडत तुझ्या शेडवर आले. तू दुरुस्तीला आलेल्या ट्रकमध्ये मला बसवलंस आणि निघालास. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी मांडीवर पुस्तक घेऊन पाठ करतेय आणि तू गाणं गुणगुणतोयस. केंद्राच्या दारात गाडी अगदी हळू हळू येऊन थांबली. मी पेपर लिहिला, पास झाले, मास्तरीण झाले. पुढे कितीतरी महिन्यांनी तुझ्या हाताखालच्या माणसाने सहज सांगितलं, की त्या ट्रकचे ब्रेक त्या दिवशी शेडमध्येच उघडून ठेवलेले होते. तू सगळा रस्ता गिअरवर गाडी आवरत मला घेऊन गेला होतास. मी तुझ्यावर केवढी ओरडले! तू म्हणालास, सांगतलं असतं तं तू बसली असती का? माझी नोकरी, माझं पेन्शन, अमरावतीचं हे घर, सगळं त्या बिनब्रेकच्या ट्रकमधून आलंय, दादा. हे मी तुझ्या देखत कबूल केलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

आता खोड.

बाहेर एवढा दिलदार माणूस घरी ताटावर बसला की दुसराच व्हायचा. भाकर जाड झाली. वरण पातळ झालं. बेसनात गाठी आहेत. भाजीत मीठ कमी, नाहीतर जास्त. एकही जेवण तू काही न बोलता जेवल्याचं मला आठवत नाही. आणि ज्या दिवशी खोट काढायला काही सापडायचंच नाही, त्या दिवशी म्हणायचास, आज कसं काय जमलं बाप्पा! रागाच्या भरात ताट सरकवून उठायचास. सुमनवहिनी पातूरकडच्या, कमी बोलणाऱ्या. तू जेवायला बसलास की त्या हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, तुझा पहिला घास तोंडात जाईपर्यंत. जन्मभर त्या बाईने तुझा पहिला घास उभ्याने पाहिला. मी माहेरी आले की माझा तिळपापड व्हायचा. मी भांडायची, तू म्हणायचास तुह्या घरी जाऊन भांड, आणि वहिनी मला डोळ्यांनी दटावायच्या, की जाऊ द्या वन्सं, तुम्ही दोन दिवसांनी जाल.

तुला त्यात काही वावगं वाटायचं नाही, हेच खरं दुखणं होतं. तू म्हणायचास मी कधी हात उचलला का, दारू पेलो का, पोरांले शिकवलं, बहिणीले शिकवलं. सगळं खरं. पण म्हणून ताट सरकवायचं?

मग तुझा मणका सरकला. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. मिस्त्रीने वाकायचं नाही म्हणजे मासोळीने पोहायचं नाही. गॅरेज मिलिंदकडे गेलं. तुझा लेक तुझ्यापेक्षा हुशार निघाला, हे तुला अभिमानाचंही वाटलं आणि टोचलंही. जठारपेठेच्या मागच्या त्या घराच्या अंगणात तू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहायला लागलास. आधी दिवसातून दोन वेळा वहिनींच्या चुका निघायच्या, आता दिवसभर. नळ कावून चालू आहे, फोडणी कावून जळाली, झाडू असा कावून धरला. वहिनींचं वजन उतरायला लागलं.

तेव्हाच एका दुपारी तुझा फोन आला. मला वाटलं भांडायला केला असेल, मी पदर खोचूनच उचलला. पण तुझा आवाज वेगळा होता.

“शांते, पोट्टेपनी आंगात जोर होता, तं जोरच माहा देव होता. मंग हाताले काम भेटलं, तं काम देव झालं. आता जोर नाई, काम नाई. आता मी कायच्यासाठी आहो?”

दादा, मला त्या क्षणी गोड काहीतरी सुचायला हवं होतं. पण तू माझा भाऊ, मी तुझी बहीण. मी म्हटलं, कशासाठी आहेस ते मला माहीत नाही, पण वहिनींचा जीव खाण्यासाठी नक्की नाहीस. आणि वर म्हण ऐकवली. म्हटलं, तुला सांगून उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू फोन ठेवलास. मी दिवसभर चरफडत राहिले, पण फोन केला नाही. तूही केला नाहीस.

पुढची बातमी वहिनींकडून आली. तुमच्या विहारात वैशाख पौर्णिमेच्या आधी दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर लागलं होतं. भिक्षूंसारखं चीवर घालायचं, डोकं भादरायचं, दुपारच्या आत एकदाच जेवायचं, दिवसभर भंतेजी सांगतील तसं वागायचं. दरवर्षी शाळा-कॉलेजातली पोरं बसतात, आणि एखादा हौशी काका. त्या वर्षी तू नाव दिलंस. भंतेजींनी तुला मणक्याची आठवण करून दिली, तू म्हणालास खुर्ची देजा. आणि तुला मिशी काढावी लागली! वहिनी फोनवर सांगत होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. लग्नापासून त्या बाईने तुझा वरचा ओठ पाहिला नव्हता. मला म्हणाल्या, वन्सं, बिनमिशीचे पार मिलिंदच्या लहानपनच्या फोटोसारखे दिसून रायले, नुकतंच जावळ काढल्यावानी चेहरा. इतक्या वर्षांत वहिनींना असं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मी मुद्दाम अकोल्याला आले. खरं सांगू? तुझं सोंग बघायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रामणेर भिक्षेला निघणार होते. गल्लीतल्या बाया दारासमोर पाणी शिंपडून, हातात भांडी घेऊन उभ्या होत्या. आपलं घर शेवटचं. वहिनी पहाटेपासून स्वयंपाकात होत्या, मी ओट्याशी बसून चहा पीत होते. त्यांनी दोडक्याची भाजी केली. दोडका म्हणजे तुझं हाडवैर. आणि मी बघत होते ना, मिठाच्या बरणीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चहा प्यायले.

तुम्ही रांगेने आलात. पोरं पुढे, सगळ्यात मागे तू, मान खाली, पोट पुढे, हातात भिक्षापात्र. स्वतःच्या फाटकासमोर तू उभा राहिलास आणि नियमाप्रमाणे काही बोलला नाहीस. ज्या दारातून तू रोज आवाज देत आत यायचास, त्या दाराबाहेर तू वाढतील तेवढं घ्यायला उभा. श्रामणेरासमोर बायकोनेही वाकायचं असतं. वहिनींनी तीनदा वाकून वंदन केलं, तुला ‘भंते’ म्हणाल्या, भाकर वाढली, दोडका वाढला. तू पात्र सावरलंस आणि पोरांच्या मागे निघालास.

मग विहारात सगळे जेवायला बसले. आम्ही घरचे लोक समोर सतरंजीवर. तुझ्या पात्रात सगळ्यात वर वहिनींचा दोडका. तू पहिला घास घेतलास. तुझा जबडा थांबला, भुवया वर गेल्या, सगळं ओळखीचं. मागायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, हा तिथला नियम. तू मान वर करून वहिनींकडे पाहिलंस. त्या पळी न घेता, दारात न उभ्या राहता, सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि सरळ तुझ्या डोळ्यांत बघत होत्या. मग तू मान खाली घातलीस आणि सगळं खाल्लंस. शेवटी भाकरीच्या तुकड्याने पात्र पुसून घेतलंस. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं, कारण मिरचीही नव्हती त्यात.

परतताना मी वहिनींना विचारलं, असं का केलंत. त्या सांगायच्या नाहीत असं वाटलं होतं. पण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मले पाहाचं होतं वन्सं, चीवर किती आत गेलं थे.”

शिबिर संपलं, तू घरी आलास, आणि माझी वाट बघणं सुरू झालं. तू कधी घसरतोस त्याची. म्हटलं दहा दिवस कोणीही साधू होईल. फोन केला की मी आधी वहिनींना विचारायची, ताट सरकवलं का? नाही. दुसऱ्या आठवड्यात? नाही. तोंड उघडतात आणि मिटतात, वहिनी सांगायच्या, मासोळीवानी. मग दिवाळीत एकदा चुकलास. मी तिथेच होते. चिवड्यावरून काहीतरी झालं, तू जोरात बोललास आणि ताट ढकललंस. माझ्या मनात, लाज वाटते सांगायला, जरा बरंच वाटलं. बघा, म्हण खरी!

पण तू उठून अंगणात गेला नाहीस. तसाच बसून राहिलास. मग ते ताट उचललंस, स्वयंपाकघरात गेलास, ओट्याशी उभा राहून सगळं संपवलंस, ताट घासलंस आणि वहिनींना म्हणालास, मले शिकव. काय शिकवू, वहिनींना कळेना. सयपाक, तू म्हणालास.

त्या दिवसापासून तुझी प्लॅस्टिकची खुर्ची अंगणातून ओट्याजवळ गेली. मणक्यामुळे उभं राहवत नाही, म्हणून बसून. तुझी पहिली भाकर तव्यावर पडली ती तीन तुकड्यांत. मिलिंदने विचारलं, बाबा, वेल्डिंग करून देऊ का. वरणाला तू इंजिन ऑइलसारखं बोटावर घेऊन बघायचास. हळूहळू जमलं. मला बोलावलंस, ज्वारीची भाकर, ठेचा आणि वांग्याचं भरीत पुढे ठेवलंस, आणि माझ्यासमोर दारात उभा राहिलास, हातात पळी घेऊन. मी घास घेतला आणि सवयीने म्हटलं, मीठ जरा जास्त झालं रे. वहिनी पोट धरून हसल्या. तू हसला नाहीस. तू म्हणालास, असं होते तर. एवढंच. आणि आत निघून गेलास.

त्या दुपारी तू मला जे सांगितलंस ते मी गावभर सांगत फिरते, तुझं नाव न घेता. “जिंदगीभर लोकाईच्या गाडीतला फाल्ट शोधला, शांते. आता आपला शोधून रायलो. हे काम सरत नाई. गाडी एकदा दुरुस्त केली म्हंजे झालं असं नसते, तिले सर्व्हिसिंग लागतेच.” फोनवर तू विचारलं होतंस ना, आता मी कायच्यासाठी आहो? त्या प्रश्नाचं उत्तर तुझं तूच शोधून आणलंस, आणि सांगताना तुझा चेहरा अगदी तसाच होता, इंजिन सुरू झाल्यावर व्हायचा तसा. मी पाहिला. ध्यान शिबिरात मिळालं नाही ते मला तुझ्या ओट्याशी बसून बघायला मिळालं.

आणि वहिनींचं काय झालं, हे तर तूही पुरतं पाहिलं नसशील, कारण तू पोळ्या लाटत होतास! पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. चौथी शिकलेल्या वहिनी एके दिवशी माईकसमोर जाऊन बसल्या. बोट ठेवून, अडखळत, एकेक ओळ वाचायला लागल्या. घरचा स्वयंपाक तुझ्याकडे, त्यामुळे वेळच वेळ. बाया त्यांना सुमनताई म्हणायला लागल्या. एकदा बायांची सहल काढून त्या पातूरची लेणी बघून आल्या, माहेरच्या गावाजवळची लेणी, जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि तू काय करत होतास? तू घरून खुर्ची घेऊन लवकर जायचास आणि पहिल्या रांगेत बसायचास. लहानपणी वंदनेला भिंतीला टेकून झोपणारा तू, आता विहारात बायको वाचतेय म्हणून टक्क जागा. एखादा शब्द त्यांना अडला की सगळ्यांआधी तू अस्वस्थ व्हायचास, पण दुरुस्त करायचा नाहीस. तुझ्यासारख्या माणसाने दुरुस्त न करणं म्हणजे केवढी साधना, हे मला मास्तरणीला विचार.

मग तुझा आजार आला. त्याच्यावर मी लिहिणार नाही. तूही कधी बोलला नाहीस, बोललास तर मिलिंदचा डबा आता कोण करणार यावरच बोललास. शेवटचं भेटायला आले तेव्हा तू खाटेवर पडल्या पडल्या मला जवळ बोलावलंस. म्हणालास, बोल मास्तरणी, मानूस बदलते का नाई? उत्तर माझ्या जिभेवर होतं. कधीचं होतं. पण तू इतका मजेत विचारत होतास की मला वाटलं, वाद सुरू राहिला तर तूही राहशील. मी म्हटलं, निकाल राखून ठेवलाय. तू खोकत खोकत हसलास. म्हणालास, मास्तराची जात, लवकर पास नाई करत कोनाले.

त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. तो निकाल माझ्याकडेच राहिला, दादा, आणि गेले काही दिवस मी त्याला पदराला बांधल्यासारखी घेऊन फिरत होते.

काल सभेला मांडव भरला होता. तुझे गॅरेजवाले, ट्रकवाले, गल्लीतले, विहारातले. एकेक जण माईकवर आला. एक म्हणाला, भाऊंसारखा शांत माणूस पाहिला नाही. दुसरा म्हणाला, कधी चढा आवाज नाही. तिसऱ्याने तर कमाल केली, म्हणे जन्मजात साधू वृत्ती. मी पुढे बसून नुसती धुमसत होते. हे कोणाबद्दल बोलताहेत? यात माझा दादा कुठे आहे? असला गुळगुळीत माणूस गेला असता तर मी दोन अश्रू ढाळून घरी गेले असते. पुढचं नाव माझं होतं. मी ठरवलं होतं, उठायचं आणि निकाल मोठ्याने सांगून टाकायचा.

मी पदर सावरून उठतच होते, तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सुमनवहिनी उठल्या. आपल्याकडे घरची बाई या सभेत बोलत नाही, ती फक्त समोर बसते. मिलिंद घाबरून पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं. माईक घेतला, वाचायच्या वेळी करतात तसा तोंडाजवळ नीट धरला.

“तुमी सारे म्हनून रायले, मानूस लय चांगला होता. मी त्याच्यासंग जिंदगी काढली, मले इचारा. मानूस चांगला नव्हता.”

भंतेजींनीही मान वर केली.

“चांगला झाला. म्हातारपनी झाला, रोज थोडा थोडा झाला, माह्या डोयासमोर झाला. जनमताच चांगला होता असं म्हनून त्याची मेहनत पान्यात घालू नका.”

श्रद्धांजलीच्या सभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, दादा, एवढी रीत मलाही कळते. पहिली टाळी माझी होती. मग मिलिंदची, मग तुझ्या ट्रकवाल्यांची, मग सगळ्या मांडवाची. आणि सगळ्यांच्या शेवटी, माईक काखेत धरून, रडत रडत, वहिनींनीही वाजवली.